आरक्षण राहू द्या, असं म्हणायला कोण जातं?

वाचकांचे प्रश्न : घर, जमीन आणि गाव

या अंकासाठी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं विकास आराखड्याची आहेत, म्हणजे शहरातली कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणाऱ्या नकाशाची, आणि त्यात बाग, मैदान, शाळा यांसाठी राखून ठेवलेल्या जमिनींची, ज्याला आरक्षण म्हणतात त्याची, त्यामुळे सोसायटी नि भाडेकराराचे प्रश्न पुढच्या वेळी घेते. मी नगररचना खात्यात रचना सहायक म्हणून लागले आणि निवृत्तीपर्यंत नकाशे, पाहण्या नि सुनावण्या यांतच राहिले. आता नाशिकला गंगापूर रोडला राहते. या विषयावर माझी मतं ठाम आहेत आणि ती मी तशीच मांडणार आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी नाशिक जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या शहरात प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. गावाचं नाव छापू नये ही विनंती. लोकसंख्या साठ हजारांच्या आसपास असेल. विकास आराखडा सुधारित करण्याचा इरादा जाहीर केल्याची नगरपरिषदेची नोटीस पेपरात आली आहे. आमच्या बचत गटात विषय निघाला तेव्हा बायका म्हणाल्या, आपलं कोण ऐकतंय, आराखडा पुढारी नि बिल्डरच ठरवतात. यजमान म्हणतात, घाई कशाला, आराखडा छापून येऊ दे, मग हरकत घेऊ. आम्ही बोलायचं तर कधी, कुठे आणि काय? आम्हाला तर नकाशासुद्धा वाचता येत नाही.

— एक शिक्षिका, नाशिक जिल्हा

उत्तर : बाई, यजमानांचा सल्ला या एका बाबतीत बाजूला ठेवा आणि आत्ताच जा. "छापून येऊ दे, मग बघू" हेच सगळं गाव म्हणतं आणि तिथेच घोडं पेंड खातं.

आधी क्रम सांगते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम हा १९६६ चा कायदा. मंजूर आराखडा वीस वर्षांतून किमान एकदा सुधारावा, असं त्याच्या कलम ३८ मध्ये आहे. सुरुवात होते कलम २३ च्या इराद्याने. तुमच्या पेपरात आली ती हीच नोटीस, आणि तिच्यातही लोकांकडून सूचना मागवलेल्या असतात. मग कलम २५ प्रमाणे शहराची पाहणी होऊन विद्यमान जमीन वापराचा नकाशा होतो, म्हणजे आज कुठे काय आहे ते. त्यावरून पुढच्या वीस वर्षांचा प्रारूप, म्हणजे कच्चा, आराखडा करतात आणि कलम २६ खाली तो प्रसिद्ध करतात. हरकती, सुनावणी, समितीचा अहवाल आणि शेवटी शासनाची मंजुरी, हा पुढचा प्रवास.

गाव जागं होतं ते प्रारूप आल्यावर. तिथे हरकतीला मुदत असते तीस दिवसांची. तेवढ्यात नकाशा मिळवायचा, आपला गट नंबर शोधायचा, कागद जमवायचे, अर्ज लिहायचा. आणि तोवर रस्त्यांच्या रेषा ओढून झालेल्या असतात, आरक्षणांना नंबर पडलेले असतात. एक आरक्षण हलवायचं तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी जमिनीवर जाणार, मग तो दुसरा भांडायला येणार. या टप्प्यावर समितीचा हात बांधलेला असतो. कितीही भल्या मनाचे सदस्य असोत, अख्खा नकाशा उसवून पुन्हा शिवायला त्यांच्याकडे वेळही नसतो आणि अधिकारही तेवढा नसतो.

खरी जागा आहे ती विद्यमान जमीन वापराच्या पाहणीत. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पेपरात यावर कुणी लिहीत नाही.

आमच्या वेळी सर्वेअर आणि रचना सहायक शीट घेऊन गल्लोगल्ली फिरायचे. राहती घरं पिवळी, दुकानं निळी, कारखाने जांभळे, बागा नि शेती हिरव्यात. संध्याकाळी कार्यालयात बसून रंग भरायचे. आता ड्रोन आणि उपग्रहाची चित्रं हाताशी असतात, रंग संगणकावर भरतात, आणि चूकभूल पुष्कळ कमी झाली आहे. तरी वरून घेतलेल्या चित्रात छप्पर दिसतं, छपराखाली काय चालतं ते कळत नाही. मोकळी जागा दिसते, ती कुणाच्या वापरात आहे ते कळत नाही.

तालुक्याच्या एका गावी वेशीबाहेरची दीड-दोन एकराची जागा शीटवर पडीक म्हणून आली होती. पाहणी बुधवारी झाली होती. आम्ही नकाशा पसरून बसलो असताना जुड्या विकणाऱ्या एक मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. घरपट्टी भरायला आल्या होत्या, सहज डोकावल्या. कुणीतरी त्यांना ती जागा दाखवली, तर म्हणाल्या, "ही मोकळी कशी? रविवारी या की. पाय ठेवायला जागा घावणार नाही." तो आठवडे बाजार होता. आसपासच्या वीस-पंचवीस खेड्यांचा भाजीपाला तिथे उतरायचा. मावशी त्या दिवशी आल्या नसत्या, तर त्या जागेवर दुसरंच काही पडलं असतं आणि बाजार रस्त्यावर आला असता. आपल्या किती गावांत तो आज रस्त्यावर बसतो, ते तुम्ही रोज पाहताच.

तेव्हा तुमच्या बचत गटाने पहिलं काम हे करावं: पाहणीच्या दिवशी न दिसणारं गाव कागदावर आणावं. दशक्रियेचा घाट. लहान समाजांच्या दफनभूमी, ज्यांचा सातबाऱ्यावर उल्लेखही नसतो. यात्रेत पालखी जिथे उतरते ती आमराई. पोळ्याला बैल जिथून फिरतात ती वाट. वीटभट्ट्या. गावाबाहेरची भिल्ल वस्ती, जी नकाशात बहुधा नुसती झाडी म्हणून येते. आणि आपल्या जिल्ह्यात तर कांदा. बाजार समितीचं गाव असेल तर हंगामात लिलावाच्या दिवशी ट्रॅक्टरांची रांग कुठपर्यंत जाते, त्या रांगेतून कोणत्या शाळेची पोरं वाट काढतात, हे उन्हाळ्याच्या सुट्टीत केलेल्या पाहणीत कसं कळणार? ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण त्या पोरांची हजेरी तुम्ही घेता.

नाले मात्र मी वेगळे काढते. ओढे-नाले बुजवले जातात तेव्हा ते आधी जमिनीवरून जातात आणि पुढच्या नकाशातून नावालाही उरत नाहीत. गावातल्या जुन्या माणसांना सोबत घ्या, पाणी पूर्वी कुठून वाहायचं ते त्यांना बोटाने दाखवू द्या, आणि जुन्या मोजणीच्या नकाशाशी ताडून पाहा. भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशाची प्रत पैसे भरून मिळते. जुन्या नकाशात नाला असेल आणि नव्या पाहणीत नसेल, तर तेवढी एक ओळ लिहून द्या. अशा एका ओळीने पुढे शंभर घरं पाण्यात जायची वाचतात.

दुसरं काम आकड्यांचं. आराखडा पुढच्या वीस वर्षांच्या लोकसंख्येसाठी असतो. किती शाळा, किती मैदानं, किती पाणी, सगळं त्या अंदाजावर उभं राहतं. आणि अंदाजाचा पाया असतो जनगणना. शेवटची जनगणना झाली २०११ ला. २०२१ ची झालीच नाही, ती आता २०२७ ची म्हणून होते आहे. म्हणजे आज जो आराखडा हाती घेतला जातो, त्याच्या पायाशी दीड दशक जुने आकडे असण्याची भीती आहे. मधल्या काळात तुमच्या गावात औद्योगिक वसाहतीमुळे किंवा महामार्गामुळे चार नव्या कॉलन्या उठल्या असतील, तर त्या २०११ मध्ये नाहीत. तेव्हा ताजे आकडे द्या: शाळांचे पट गेल्या काही वर्षांत कसे वाढले, नळजोडण्या किती, घरपट्टीची खाती किती, अंगणवाड्यांत मुलं किती. यातलं बरंचसं नगरपरिषदेच्याच दप्तरात आहे. सरळ मिळालं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा.

हे सगळं मुख्याधिकाऱ्यांच्या आणि आराखड्याच्या नगररचना अधिकाऱ्याच्या नावे द्या. भाषा साधी असू द्या. जागेची खूण, माहीत असेल तर गट किंवा सिटी सर्वे नंबर, तिथे कोण येतं, कोणत्या वारी, साधारण किती जण. मागणी एका वाक्यात. "गावाचा सर्वांगीण विकास व्हावा" असं लिहिलेले अर्ज मी ढिगाने वाचले आहेत. ते नकाशावर कुठेच लावता येत नाहीत, म्हणून फायलीत जाऊन बसतात. "मराठी शाळेच्या मागच्या ओढ्यावर पायपूल हवा, सकाळी शंभरावर मुली महामार्ग ओलांडून येतात" हे मात्र लावता येतं.

आता बायकांच्या बोलण्याकडे येते, की आपलं कोण ऐकतंय. पुढारी नि पैसेवाले आराखड्यात हात घालत नाहीत, असं मी म्हणणार नाही. कोणत्या बाजूचा शेतीपट्टा पिवळा होणार याच्या बातम्या कार्यालयातून बाहेर पडायच्या आधी चहाच्या टपरीवर पोहोचतात. पण दुसरी बाजूही मी टेबलापलीकडून पाहिली आहे.

सुनावणी कशी असते ते सांगते. नगरपरिषदेच्या सभागृहात लांब टेबल, त्यावर अख्ख्या शहराचा नकाशा, कोपरे उडू नयेत म्हणून पेपरवेट नि पाण्याचे ग्लास. समोर नियोजन समिती: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. व्हरांड्यात माणसं नंबर लावून बसलेली. प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी, पिशवीत सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा. नाव पुकारलं की आत जायचं, गटावर बोट ठेवायचं आणि सांगायचं, साहेब, एवढं आरक्षण काढा. पुढचा येतो, तोही तेच सांगतो. दिवस असाच जातो. संध्याकाळी समितीसमोर आरक्षण काढण्याचे अर्ज थप्पीने असतात आणि ठेवण्याचा एकही नसतो.

यात जमीनमालकाला दोष देऊ नये. त्याचं नुकसान त्याच्या एकट्याच्या अंगावर येतं, म्हणून तो वकील लावतो, रजा टाकतो, येतो. मैदानाचा फायदा दोनशे घरांत वाटला जातो, म्हणून त्या दोनशेतलं एकही घर येत नाही. समितीने कुणाचं ऐकावं? जो आला त्याचंच ऐकणार. पुढाऱ्याला दबाव टाकायला सगळ्यात सोपी जागा तीच असते, जिथे समोरून कुणी बोललेलं नसतं.

एका सुनावणीत मात्र एक अंगणवाडी सेविका आल्या. हातात शाळेची वही. वहीत प्रभागातल्या सहा वर्षांखालच्या मुलांची नावं, पुढे घराचा पत्ता, आणि शेवटच्या रकान्यात जवळात जवळची बाग पायी किती मिनिटांवर. बागेचं आरक्षण काढायला मालकाचा अर्ज होताच. समितीच्या एका सदस्याने ती वही हातात घेतली आणि पान उलटत राहिले. बाईंना दिलेली पाच मिनिटं केव्हाच संपली होती, कुणी त्यांना थांबवलं नाही. ते आरक्षण राहिलं. सगळी राहत नाहीत, पण ते राहिलं ते त्या वहीमुळे, हे मी त्या खोलीत बसून पाहिलं.

आणि आपल्या नाशिकचंच अलीकडचं घ्या. २०२५ च्या नोव्हेंबरात सिंहस्थात साधूंच्या मुक्कामाला लागणाऱ्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं काढण्याची नोटीस निघाली, तेव्हा शेकडो हरकती आल्या. त्यातल्या बहुतेकांचा एक गुंठाही तिथे अडकलेला नव्हता. सगळ्यांची म्हणून जी जागा असते, तिच्यासाठी लोक अर्ज लिहून रांगेत उभे राहिले आणि विषय राज्यभर गाजला. आराखड्याच्या बाबतीत हे होत नाही याचं एकच कारण मला दिसतं. झाड डोळ्यांसमोर तुटतं. मैदान नकाशावरच जातं, कुणाला आवाजही येत नाही.

उशिरा उठण्याची किंमतही नाशिकने मोजली आहे. महापालिकेचा २०१३ चा प्रारूप आराखडा लोकांच्या रोषापायी टिकला नाही. नवा अधिकारी नेमून २०१५ मध्ये नवा प्रारूप आला आणि मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये. विरोध रास्त होता की नाही, या वादात मी आत्ता जात नाही. पण तेवढी वर्षं शहर थांबलं नाही, ते जुन्या आराखड्यावरच वाढत गेलं. लोकांचं म्हणणं पाहणीच्या वेळीच आत आलं असतं तर यातली काही वर्षं वाचली असती, असं माझं मत आहे.

एक अडचण तुमच्या गावाला जास्त आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आल्या त्या तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांसाठी. खेड्याला ग्रामसभा आहे, मोठ्या शहराला कागदावर तरी प्रभाग समिती आहे, साठ हजारांचं गाव मधल्या मध्ये लटकतं. म्हणून सभा तुम्हीच बोलवा. शाळेचा हॉल मागा, नगररचना अधिकाऱ्याला पत्र देऊन निमंत्रण करा. माझा अनुभव असा की हे अधिकारी येतात. दिवसभर आरक्षण काढण्याच्या चकरा सोसणाऱ्या माणसाला गावाबद्दल बोलायला कुणी बोलावलं तर बरंच वाटतं.

नकाशा वाचायची भीती सोडा. आधी आपली शाळा शोधा, मग तिथून बोटाने घरी चालत या. दोन-तीनदा केलं की रस्ते ओळखीचे होतात, रंगांच्या अर्थाची पट्टी कोपऱ्यात असतेच. पुढची पायरी: तुमच्या घराजवळ जे आरक्षण असेल त्याचा नंबर वहीत लिहा. प्रारूप आलं की तीच जागा शोधायची आणि पहिल्या आठवड्यात अर्ज द्यायचा: हे राहू द्या.

प्रश्न : ताई, शहराच्या हद्दीत माझी वडिलोपार्जित २२ गुंठे जमीन आहे. तिच्यावर मागच्या आराखड्यात खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडलं, त्याला वीस वर्षं होऊन गेली. नगरपरिषद जागा घेत नाही, पैसे देत नाही, बांधकामाला परवानगीही देत नाही. मुलीच्या लग्नाला जमीन विकायला काढली तर गिऱ्हाईक झोन दाखला (आराखड्यात जमीन कशासाठी दाखवली आहे तो कागद) बघून परत गेलं. आता नवा आराखडा येणार म्हणतात. आरक्षण कसं उठवायचं?

— एक शेतकरी, नाशिक जिल्हा

उत्तर : दादा, वरचं उत्तर वाचून तुम्हाला वाटेल की ही बाई मैदानवाल्यांच्या बाजूची. तर आधीच सांगते: तुमच्यावर अन्याय झाला आहे. गावाला मैदान हवं असेल तर गावाने त्याची किंमत मोजावी. वीस वर्षं जमीन अडकवून ठेवायची आणि मोबदल्याचं नाव काढायचं नाही, हे कायद्यालाही मान्य नाही.

त्यासाठीच कलम १२७ आहे. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालकाने मालकीचे कागद जोडून खरेदी सूचना द्यायची, म्हणजे जमीन विकत घ्या असं लेखी कळवायचं. ती मिळाल्यापासून चोवीस महिन्यांत जमीन संपादन झाली नाही किंवा संपादनाची पावलंही उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं. तुम्ही ही सूचना दिलेली दिसत नाही. नुसत्या अर्ज-विनंत्या दिल्या असतील तर त्या यात धरत नाहीत. जमिनीची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाकडून सूचना नीट लिहून घ्या, सर्व वारसांच्या सह्या घ्या, पोहोच जपून ठेवा. सहहिस्सेदाराची एक सही राहिली म्हणून अडकलेली प्रकरणं मी पाहिली आहेत. आराखडा सुधारण्याचं काम सुरू झालं आहे, त्याचा तुमच्या सूचनेवर काय परिणाम होतो हेही त्यांनाच विचारा, आणि दिरंगाई करू नका.

दुसरे मार्ग कलम १२६ मध्ये आहेत. वाटाघाटीने रोख मोबदला, किंवा टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क), किंवा २०१३ च्या भूसंपादन कायद्याने संपादन. टीडीआरबद्दल सावध करते. नाशिकसारख्या शहरात त्याला बाजार आहे, लहान गावात घेणारा मिळेलच असं नाही, आणि पेटीत ठेवलेल्या कागदाने मुलीचं लग्न होत नाही. डिसेंबर २०२० पासून राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या बांधकामाच्या एकत्रिकृत नियमावलीत समावेशक आरक्षणाचीही सोय आहे. त्यात मालकाने ठरावीक भाग सुविधेसाठी विकसित करून द्यायचा नि उरलेला स्वतः वापरायचा. कोणत्या आरक्षणाला किती वाटा, याचा तक्ता नियमावलीत आहे. नगररचना अधिकाऱ्याकडे बसून तुमच्या जमिनीला तो कसा लागतो ते पाहून घ्या.

माझं एक मागणं आहे, सक्ती नाही. २२ गुंठे म्हणजे सुमारे बावीसशे चौरस मीटर. खो-खो नि कबड्डीची मैदानं त्यात आरामात बसतात. सुनावणीला जाल तेव्हा "आरक्षण काढा" एवढंच न म्हणता "पैसे द्या नाहीतर काढा" असं म्हणा. त्या दिवशी शेजारच्या गल्लीतली माणसं "मैदान राहू द्या आणि मालकाला मोबदला द्या" म्हणायला आली, तर नगरपरिषदेला अंदाजपत्रकात तरतूद करावी लागते. तुमचं नि त्यांचं भांडण नाही. दोघांचंही देणं लागते ती नगरपरिषद.

प्रश्न : हरकत ईमेलने पाठवली तर चालते का? मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो, घर नाशिकरोडला आहे.

उत्तर : नोटिशीत जो मार्ग दिला असेल त्यानेच पाठवा, आणि त्याखेरीज सहीचा कागद आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का नि आवक नंबर घ्या. घरचं कुणीही तो नेऊन देऊ शकतं. सुनावणीचं पत्र पोहोचेल असा पत्ता लिहा. स्वतः येणं जमत नसेल तर अधिकारपत्र देऊन प्रतिनिधी पाठवा, पण सुनावणी रिकामी सोडू नका.

प्रश्न : ताई, आमची सोसायटी नासर्डीच्या काठाजवळ आहे. जोराचा पाऊस झाला की पार्किंगमध्ये पाणी शिरतं. पलीकडच्या काठावर भराव टाकल्यापासून ते जास्त येतं, असं आम्हा सगळ्यांना वाटतं. नाशिकचा आराखडा २०१७ लाच मंजूर झाला आहे. म्हणजे पुढची सुधारणा येईपर्यंत आम्ही गप्पच बसायचं का?

— सोसायटीच्या सचिव, नाशिक

उत्तर : गप्प बसायचं काहीच कारण नाही. मंजूर आराखड्यातही कलम ३७ खाली फेरबदल होत राहतात. इथला ना-विकास पट्टा निवासी कर, तिथल्या रस्त्याची रेषा सरकव, असे. प्रत्येक फेरबदलाची नोटीस निघते, हरकतीला मुदत असते. पेपरात आतल्या पानावर बारीक अक्षरात येते, त्यामुळे कुणी वाचत नाही. सोसायटीत एका माणसाकडे हे काम द्या. निवृत्त, चष्मा लावून पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारे एक तरी आजोबा तुमच्याकडे असतीलच. नदीकाठच्या गटाचा फेरबदल दिसला की सोसायटीच्या लेटरहेडवर हरकत गेली पाहिजे.

पूररेषा समजून घ्या. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नवं बांधकाम नाही. निळी नि लाल यांच्या मध्ये परवानगी मिळते ती अटींवर, त्यात जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावं लागतं. भराव निळ्या रेषेच्या आत आहे का, हे महापालिकेच्या नगररचना विभागात तुमच्या गटाचा भाग नकाशा, म्हणजे आराखड्यातला तेवढ्याच जागेचा तुकडा, काढलात की कळेल. आत असेल तर तक्रार "आम्हाला वाटतं" यावर ठेवू नका. भाग नकाशा, जागेचे फोटो आणि तारीख जोडा. नगररचना विभागाइतकीच ती जलसंपदा विभागाकडेही गेली पाहिजे.

गोदावरीला २००८ साली मोठा पूर आला, नंतर २०१६ च्या ऑगस्टमध्ये आणि २०१९ लाही. गोदेच्या पुराला आपल्याकडे माप आहे. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, असं म्हटलं की नाशिककराला पूर कळतो. नासर्डीला असं काही नाही. सातपूर, सिडकोकडून येऊन टाकळीच्या संगमापर्यंत ती शहराच्या मधून वाहते, दोन्ही काठांवर दाट वस्ती, आणि कुठे किती पाणी चढलं याची लोकांकडे नोंद शून्य. फोनमधले व्हिडिओ दोन महिन्यांत पुसले जातात.

तुम्ही ती नोंद सुरू करा. २०२७ च्या सिंहस्थाची कामं शहरात सुरू आहेत, रस्ते नि पूल होत आहेत. त्यानंतर पाणी वेगळ्या वाटेने वळलं का, हे तुमच्याच नोंदीतून दिसेल. आराखड्याची पुढची सुधारणा २०३७ च्या आत व्हायला हवी, म्हणजे तिची पाहणी त्याच्या काही वर्षं आधी सुरू होईल. तेव्हा तुमच्याकडे तोवरच्या सगळ्या पावसाळ्यांची सलग वही असेल तर ती नाकारणं कुठल्याही समितीला जड जाईल.

करायचं एवढंच. पार्किंगच्या खांबावर जमिनीपासून पट्टी रंगवा, दर दहा सेंटिमीटरला खूण. पाणी चढलं की सर्वांत वरच्या पातळीला तारीख, वेळ आणि त्या दिवशी गंगापूर धरणातून विसर्ग सुरू होता की नाही, हे रजिस्टरमध्ये लिहा. फोटो छापून चिकटवा, दोन सभासदांच्या सह्या घ्या. पावसाळा संपला की त्या पानांची प्रत तुमच्या विभागीय कार्यालयात नि नगररचना विभागात देऊन पोहोच घ्या. शेजारच्या सोसायट्यांनाही पट्टी रंगवायला सांगा. एका खांबाच्या नोंदीला अपवाद म्हणता येतं, काठावरच्या सात-आठ सोसायट्यांची नोंद एकाच दिवसाची असेल तर तसं म्हणता येणार नाही.